उंबरझिऱ्याचा चतुर

चाँद पाशाचा बाप हिंगोलीच्या बाजारात बांगड्या भरायचा. पेटीतल्या बांगड्यांचे रंग चाँदला लहानपणीच पाठ झाले होते. मोरपिशी कुठला, अनारी कुठला, मधाच्या रंगाची काच उन्हात कशी दिसते आणि दिव्यापुढं कशी, सगळं तो डोळे मिटून सांगायचा. पण हात त्याचा भारी जड. बायामाणसांच्या मनगटावर बांगडी चढवता चढवता कडकन फोडायचा. शेवटी बाप म्हणाला, "तुझ्यानं ह्यो धंदा व्हायचा न्हाई बाबा," आणि ओळखीपाळखीनं त्याला करोडगिरीत चिकटवून दिलं.

करोडगिरी म्हणजे निजामाच्या मुलखात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात. कनेरगावचा नाका सडकेवरचा, मोठा, गाड्याघोड्यांचा. चाँद पाशाच्या वाट्याला आली ती डोंगरात आत असलेली धारखेड्याची चौकी. दोन खोल्या, एक आडवी बल्ली आणि एक म्हातारा जमादार. वरची धार ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा मुलूख. वाटेनं जायचे ते गुरं हाकणारे, सरकीची गोणी डोक्यावर घेतलेले कास्तकार आणि भावसिंग नायकाच्या तांड्यातले लमाण. दिवसच्या दिवस बल्ली उचलायचं काम पडायचं नाही. चाँदनं मदीनाबीला तिथंच आणलं, चौकीच्या मागं तिनं कोंबड्या पाळल्या, गौसिया तिथंच जन्मली, आणि हा गडी डोंगर बघत बसायला शिकला.

एकोणचाळीस सालच्या भादव्यात वाशीमकडून एक बारीक अंगाचा, टोपी घातलेला माणूस आला. खांद्यावर बांबूच्या दांड्याचं जाळं, हातात पत्र्याची पेटी. पेटी उघडायला लावली तर आत कागदाच्या त्रिकोणी पुड्या आणि डांबरगोळ्यांचा वास.

"ह्ये काय हाय?" जमादारानं विचारलं.

"चतुर," तो माणूस म्हणाला. "पाण्याकाठी उडतात ते. मी संतराम. वाशीमच्या शाळेत विज्ञान शिकवतो."

जमादार पोट धरून हसला. चतुरावर जकात काय लावायची, हे कुठल्याच हुकमात लिहिलेलं नव्हतं. चाँद मात्र पुडी उघडून बघत राहिला. म्हणाला, "मास्तरसाब, ह्याचे डोळे असे मातीचे नसतात. जित्ता असला की मोरपिशी असतात."

"बरोबर," संतराम मास्तर म्हणाले. "मेला की रंग उतरतो. म्हणून पकडल्याबरोबर बघून ठेवावं लागतं. तुम्ही बघता का चतुर?"

"बघतो म्हंजे, दिसतात. पन एक हाय, त्यो बसतच न्हाई कदी. उंबरझिऱ्यात."

मास्तरांनी पेटी तिथंच ठेवली. "चला, दाखवा."

उंबरझिरा तांड्याच्या वरच्या अंगाला होता. उंबराच्या जुनाट मुळ्यांखालून खडकाच्या भेगेतून पाणी फुटायचं, मुळ्यांवरून गळत खाली पडायचं आणि जांभळी-करंजांच्या गच्च सावलीतून ओढा होऊन धावायचं. त्या डोंगरातले बाकीचे सगळे नाले होळीच्या आतच आटायचे. हा चैत्रातही हाडं गार करायचा. तिथं, धावत्या पाण्याच्या बरोबर मधोमध, हातभर उंचीवर तो चतुर पाण्याच्या उलट तोंड करून हवेत उभा होता. काळंभोर अंग, त्यावर निळी-हिरवी झाक, पाठीवर पिवळी रेघ. डावीकडं सरकायचा, उजवीकडं सरकायचा, पुन्हा त्याच जागी. पंख दिसतच नव्हते.

मास्तर काठाच्या दगडावर उकिडवे बसून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाशाभाई, हा इथं असायला नको. हा उंच डोंगरातल्या, बारमाही वाहणाऱ्या ओढ्यांचा प्राणी. आपल्या या कोरड्या मुलखात याचं काय काम?"

"त्याला कुटं ठाव मुलूख कोनाचा," चाँद म्हणाला, आणि दोघंही हसले.

त्या दिवसापासून मास्तरांचं येणं सुरू झालं. पावसाळा उतरणीला लागला की दिवाळीपर्यंत, सुट्टी मिळेल तेव्हा ते डोंगर चढून यायचे. मदीनाबी भाकरी आणि अंबाड्याची भाजी करायची. मास्तर ब्राह्मण का कोण हे तिनं कधी विचारलं नाही, आणि त्यांनी ताट कधी परत सारलं नाही. मास्तरांनी चाँदला दगडाला चिकटलेली कोरडी, पोकळ कात दाखवली आणि सांगितलं की चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं, वर्ष-वर्ष राहतं. मग एका पहाटे दगडावर चढतं, पाठ फोडून बाहेर येतं आणि उडून जातं. डबक्यातलं पिल्लू निराळं, ओढ्यातलं निराळं. ओढ्यातल्याला पाणी गार पाहिजे, धावतं पाहिजे, वर सावली पाहिजे. "म्हणून नुसता चतुर ओळखून भागत नाही," मास्तर म्हणायचे. "त्याचा ओढाही ओळखावा लागतो."

नर पकडला तो चाँदनंच. मास्तरांनी तो कलकत्त्याच्या एका विद्वानांकडं पाठवला. तिकडून उत्तर आलं की याच्यासारखा एक ठाऊक आहे, पण तो फार दूरच्या घाटातला, आणि पाठीवरची रेघ जुळत नाही. हा नवा असू शकेल. मात्र एका नरावरून काही ठरवता येणार नाही. त्याच ओढ्यावरची मादी पाहिजे, कात पाहिजे, आणि जागेची नीट माहिती पाहिजे. तोवर नावापुढं प्रश्नचिन्ह.

कात मिळाली. मादी काही मिळेना. नर दिवसभर पाण्यावर पहारा करायचे, मादी दिसायचीच नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले. म्हातारा जमादार गेला, गौसिया परकर सांभाळत तांड्यातल्या पोरींबरोबर पाण्याला जाऊ लागली, मास्तरांचे केस पिकले. चाँद फुरसत मिळाली की ओढ्यावर जाऊन बसायचा. भावसिंग नायक चिडवायचा, "पाशा, तू तर आमच्या झिऱ्यावरचा दगडच झालास की रे."

एवढं सगळं होईतो सत्तेचाळीस साल उजाडलं. पलीकडचा मुलूख स्वतंत्र झाला. अलीकडं निजामाचं राज्य तसंच राहिलं, आणि डोंगराच्या धारेवरची हद्द जिवावरची झाली. रात्री-अपरात्री पलीकडून माणसं उतरायची, अलीकडून माणसं पळून जायची. कुठं नाका जाळला, कुठं कुणाला उचललं, अशा बातम्या रोज यायच्या. धारखेड्याच्या चौकीवर एक नवे साहेब आले, बरोबर बंदुका आणि खाकी कपड्यातली दहा-बारा पोरं. साहेबांना डोंगर, ओढा, लमाण, वऱ्हाडी, कुणाचाच भरवसा नव्हता.

आश्विनात मास्तर आले तेव्हा साहेब पोरांना घेऊन हिंगोलीला गेलेले होते. चाँदला त्यांना बघून आनंद झाला, तरी त्यानं आधी हिंगोलीच्या वाटेकडं बघून घेतलं.

"यंदा यायला नको होतं का?" मास्तरांनी विचारलं.

"काहून?" चाँद छाती काढून म्हणाला. "नाक्यावर मी हाय ना, मास्तरसाब. तुमाला कोन अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी, ऊन पानांतून सरळ खाली उतरत असताना, ती आली. नरांच्या पहाऱ्यातून कुठूनशी सुर्रकन शिरली आणि थेट उंबराच्या मुळ्यांवर, जिथं पाणी गळत होतं तिथं, उभी लटकली. शेपटीचं टोक ओल्या शेवाळात टोचत राहिली. तिच्या पंखांच्या मुळाशी मधाचा रंग होता. मास्तरांनी जाळं चाँदच्या हाती दिलं. चाँदचा तो जड हात त्या घडीला कसा हलका झाला कोण जाणे. मादी जाळ्यात आली.

मास्तर खाली दगडावर बसले आणि लहान लेकरासारखे रडले. "आठ वर्षं, पाशाभाई," एवढंच म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी पुडीवर बारीक अक्षरात जागा लिहिली. चौकीपासून अंतर किती, उंची किती, ओढ्याची दिशा कुठली, काठाची झाडं कुठली. नराच्या, मादीच्या, कातेच्या, सगळ्या पुड्यांवर तेच. त्याशिवाय कलकत्त्यात कुणी मानलं नसतं.

दोघं ओढा उतरून चौकीवर आले तर साहेब परतलेले होते.

पेटी उघडली गेली. साहेबांनी एक पुडी उचलून वाचली, दुसरी वाचली. इंग्रजी अक्षरात चौकीचं नाव, अंतर, उंची, दिशा. त्यांचा चेहरा बदलला. "ये तो नक्शा है," ते म्हणाले. मास्तर समजावू लागले की हे प्राण्याच्या राहण्याच्या जागेचं वर्णन आहे, विज्ञानाची रीत आहे. साहेबांनी ऐकून घेतलं नाही. ते चाँदकडं वळले.

"इसे पहचानते हो?"

भोवती बंदुका घेतलेली पोरं होती. मागच्या दारात मदीनाबी गौसियाचा हात धरून उभी होती. मास्तर चाँदकडं बघत होते. त्यांच्या नजरेत भीती नव्हती, भरवसा होता.

"आते-जाते देखा है, साब," चाँद म्हणाला.

"खोलो. सब खोलो. अंदर क्या छुपाया है देखो."

चाँद खाली बसला आणि पुड्या उघडू लागला. एकेक कागद उलगडायचा, झटकायचा आणि साहेबांच्या हाती द्यायचा. पंख तुटून वाऱ्यावर उडत होते. खाली पडलेल्या चतुरांवर मदीनाबीच्या कोंबड्या धावून आल्या, कुणी हाकललं नाही. ताजी पुडी चाँदच्या हातात आली तेव्हा मास्तर फक्त म्हणाले, "तेवढी एक नका उघडू, पाशाभाई."

साहेबांचे डोळे लगेच चाँदवर आले. पाशाभाई. नाव कसं ठाऊक?

चाँदनं ती पुडी उघडली. नुसती उघडली नाही, फाडली. आपल्याला ह्या माणसाचं काही देणंघेणं नाही हे दिसावं म्हणून जोरात फाडली. मधाच्या रंगाचा एक पंख त्याच्या बोटाला चिकटला, तो त्यानं पैजाम्याला पुसून टाकला.

काहीच सापडलं नाही. साहेबांनी कागद जाळले, पेटी ठेवून घेतली आणि मास्तरांना हद्दीपलीकडं हाकलून दिलं. पुन्हा दिसलास तर गोळी, म्हणाले. मास्तर रिकाम्या हातानं डोंगर चढून गेले. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मदीनाबीनं भाकरी ताटात टाकली आणि म्हणाली, "गौसियाचे अब्बा, आठ वर्सं त्यो मानूस आपल्या घरी जेवला."

"मग काय करू? गोळी खाऊ? तुला आन् पोरीला कोन बघंल?"

"त्या टायमाला तुमी काय करनार होते, मला समजतं. पन आता जा ना. चोरून जा, धारेवरून जा. दोन शब्द बोलून या. मानूस हाय, समजून घेईल."

"जाईन," चाँद म्हणाला.

पण गेला नाही. आज साहेब चौकीवर आहेत, उद्या गस्त आहे, परवा गौसियाला ताप आहे. कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. मास्तरांपुढं उभं राहून तोंडातून पहिला शब्द कुठला काढायचा हेच त्याला सुचत नव्हतं. ओढ्यावर अजून चतुर उडत होते. दिवाळीला पुष्कळ दिवस होते. एकदोनदा गस्तीवर असताना त्यानं तसलीच मधाच्या पंखांची मादीही मुळ्यांवर लटकलेली बघितली. हातात जाळं नव्हतं. असतं तरी पकडून कुणाला देणार, असं मनाशी म्हणून तो पुढं चालता झाला. दिवाळी गेली, थंडी पडली, उडणं थांबलं. पुढच्या सालाला बघू, असं त्यानं ठरवलं.

पुढच्या सालाच्या उन्हाळ्यात साहेबांनी हुकूम काढला. ओढ्याच्या झाडीत पलीकडची माणसं लपतात, झाडी साफ करा. कुऱ्हाडी चालल्या. जांभळी पडल्या, करंज पडले, आणि सगळ्यात शेवटी तो उंबर. तांड्यातल्या बाया रडत होत्या, भावसिंग साहेबांच्या पाया पडत होता. चाँद बंदूक घेऊन पहाऱ्यावर उभा होता. म्हणावं असं त्याच्या मनात पुष्कळ होतं. मास्तरांनी सांगितलेलं सगळं त्याला आठवत होतं, सावली गेली की काय होतं तेही. पण एकदा 'आते-जाते देखा है' म्हटलेल्या माणसाला झाडांची बाजू कशी घेता येणार? तो उभाच राहिला.

पाऊस आला आणि उघडी पडलेली माती ओढ्यात उतरली. खडकाची भेग गाळानं लिंपली गेली.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत राज्य बदललं. साहेब आणि त्यांची पोरं आदल्या रात्रीच पसार झाली होती. मग गावोगाव उलटं वारं सुटलं. ज्यांनी काही केलं होतं ते पळाले, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या दारावर माणसं चालून आली. चाँद मुसलमान, त्यात अंगावर करोडगिरीची खाकी. भावसिंग धावत चौकीवर आला. "चल, लेकरू घे, बायको घे, चल," म्हणाला. त्यानं तिघांना तांड्यात नेलं, मदीनाबीला आणि गौसियाला लमाणी घागरा-ओढणी नेसवली आणि आपल्या झोपडीत ठेवलं. कुणी विचारायला आलं तर दारात आडवा बसायचा.

"भावसिंग, तुझ्या झिऱ्याची झाडं पडली तवा मी बंदूक घेऊन उभा व्हतो," चाँद एकदा म्हणाला.

"बघत व्हतो मी," भावसिंग म्हणाला. "आता गप पड. पाय पसर आन् झोप."

लपून राहण्याचे ते दिवस म्हणजे ऐन आश्विनाचे, चतुरांचे दिवस. वातावरण जरा निवळलं तसा चाँद दुपारचा ओढ्यावर जाऊन बसू लागला. उघडं ऊन, गढूळ पाणी, जागोजागी थांबलेली डबकी. डबक्यांवर साधे तांबडे चतुर फिरत होते, कुठंही दिसतात ते. तो रोज बसला, आश्विन सरेपर्यंत बसला. पाण्यावर हवेत उभा राहणारा तो काळा-पिवळा एकही आला नाही. दगडांवर एकही कात नव्हती.

थंडी पडू लागली तेव्हा रस्ते चालू झाले होते. नाका उठणार असं लोक बोलत होते. मदीनाबीनं चार भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिल्या. चाँद धार ओलांडून वाशीमला गेला.

मास्तरांचं घर शोधायला त्रास पडला नाही. दार त्यांनीच उघडलं. क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "या पाशाभाई. जिवंत आहात. घरची मंडळी?"

"हाईत. भावसिंगानं ठिवलं व्हतं."

"मोठं काम केलं त्यानं. बसा."

चहा आला. चाँदनं डोंगर चढताना शब्द जुळवले होते, ते सगळे विसरला. कप खाली ठेवून त्यानं नुसते हात जोडले. "मास्तरसाब, त्या दिसी मी..."

"त्या दिवशी तुमच्यामागं बायको-पोर होतं आणि पुढं बंदूक," मास्तर म्हणाले. "ते मी धारेवर पोचायच्या आतच समजलो होतो. त्याचं काही नाही."

"ती पुडी मी फाडली."

"फाडली. मादी काय, अजून होत्या ओढ्यावर. दिवाळीपर्यंत होत्या." मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. "मी दर रविवारी धारेवर येऊन बसायचो. आमच्या बाजूला, त्या सलईच्या झाडाखाली. खाली उतरायची छाती नव्हती. म्हटलं, पाशाभाई गस्तीला येतील, खूण केली की भेटतील. जाळं नेत होतो बरोबर. तुम्हाला दोन-तीनदा खाली ओढ्याकाठी जाताना बघितलं. हाकही मारली एकदा. वारं उलटं होतं."

चाँद शिव्या खायच्या तयारीनं आला होता. हे ऐकायची तयारी त्यानं केलेली नव्हती.

"यंदा?" मास्तरांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज जरा वर चढला होता.

चाँदनं सांगितलं. उंबर, जांभळी, गाळ, डबकी, तांबडे चतुर. मास्तरांनी फक्त कातेचं विचारलं.

"एकही नाही?"

"एक बी न्हाई. रोज बघितलं."

"मग संपलं." मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "कलकत्त्याला आपला नर आहे अजून. प्रश्नचिन्ह लावून ठेवलाय. आता ते प्रश्नचिन्ह कुणाला काढता यायचं नाही."

"दुसऱ्या वढ्यात असंल कुटं तरी," चाँद म्हणाला. "मी हिंडतो. आता मला कामधाम काय हाय? माहुराकडं जातो, औंढ्याच्या डोंगरात जातो."

"जा," मास्तर म्हणाले. "सापडला तर फार बरं होईल." पण त्या डोंगरांतून ते स्वतः आधीच हिंडून आलेले होते, हे चाँदला ठाऊक होतं. तिथलं सगळं पाणी होळीआधी आटतं, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलेलं.

निघताना मास्तर सडकेपर्यंत सोडायला आले. कनेरगावकडं जाणारी मोटार उभी होती. चाँद टपाजवळ शिडीला धरून उभा राहिला, गर्दी फार होती. मोटार हलली तेव्हा मास्तरांनी हात वर केला आणि काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात चाँदला ते ऐकू आलं नाही. त्यानं ऐकू आल्यासारखी मान हलवली.